पंधरा ग्रॅमचा जोर

सोनारीत रेडिएटर म्हटलं की माणूस ट्रॅक्टरच्या नाकाकडे बघतो. परंडा तालुक्यातल्या या गावात रेडिएटरचं काम इंजिन गार ठेवायचं. तो तापला तर काळजी. त्यामुळे इंग्लंडात लेस्टरला नर्स असलेल्या माझ्या मामेबहिणीने डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर "आप्पा, आमचा रेडिएटर तापतच नाहीये" असं सांगितलं, तेव्हा मामा मनापासून म्हणाले, "मग चांगलंच आहे की गं." ती हसत सुटली. मग तिने फोन फिरवून भिंतीला टेकलेला, पन्हळी पत्र्यासारखा दिसणारा पांढरा चपटा डबा दाखवला. थंड देशांत असे डबे खोलीखोलीत असतात. गॅसवरचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते नळ्यांतून या डब्यांत फिरवतो, डबे खोली ऊबदार ठेवतात आणि निवलेलं पाणी पुन्हा बॉयलरकडे जातं.

मामांना हे लगेच समजलं, कारण त्यांच्या गच्चीवर तेच दुखणं होतं. "आपल्या सोलरचंबी तसंच झालंय," ते म्हणाले. "ऊन डोकं फोडतंय अन् पाणी तापंना."

लेस्टर आणि सोनारी यांच्यात सात हजारांहून जास्त किलोमीटरचं अंतर. एका घरात गॅस जळतोय, दुसऱ्याच्या माथ्यावर सूर्य. तरी तक्रार एकच आहे, आणि तिचं मूळही बहुतेक वेळा एकच असतं. उष्णता कमी पडलेली नसते, तिची वाट अडलेली असते. अडवणारे दोनच: हवा आणि गाळ.

पाणी तापलं की हलकं होतं, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. पण किती हलकं होतं? एक लिटर पाणी २० अंशांना ९९८ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ९८३ ग्रॅम. फरक पंधरा ग्रॅमचा, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर. गच्चीवरच्या सोलरला पंप नसतो, वीज नसते. नळ्यांतलं पाणी तापतं, पंधरा ग्रॅमने हलकं होतं, वर टाकीत चढतं. त्याच्या जागी टाकीतलं गार पाणी खाली उतरतं. उन्हं कलेपर्यंत हे चक्र आपोआप चालू राहतं. एक मीटर उंचीचा गार पाण्याचा स्तंभ आणि तेवढाच गरम पाण्याचा स्तंभ समोरासमोर ठेवले तर दोघांच्या दाबातला फरक फक्त पंधरा मिलिमीटर पाण्याएवढा भरतो. बोटाच्या पेराहून कमी! शंभर लिटर पाणी दिवसभर वर-खाली फिरवणाऱ्या यंत्राचा सगळा जोर एवढाच. आणि जोर एवढासाच असल्यामुळे नळीत अडकलेला हवेचा एक फुगाही त्याला भारी पडतो.

या पंधरा ग्रॅमचा उपयोग करून घेण्याचा इतिहास माणसांपेक्षा आधी झाडांच्या आणि कोंबड्यांच्या वाट्याला आला, ही मला त्यातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. मार्टेन ट्रिवाल्ड हा स्वीडिश अभियंता १७१६ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला होता. तिथे त्याने झाडांसाठी बांधलेलं काचघर गरम पाणी फिरवून उबदार ठेवलं. पुढे १७७७ मध्ये फ्रान्समधल्या बोनमॅं याने अंडी उबवायच्या पेटीला गरम पाण्याच्या नळ्यांचं वेटोळं घातलं आणि उष्णता ठरावीक राखणारी आपोआप चालणारी कळही बसवली. कोंबडीच्या पोटाखालची ऊब त्याने नळ्यांतून आणली. माणसाच्या दिवाणखान्यात ही ऊब यायला आणखी बराच काळ जावा लागला. १८३० च्या दशकात लंडनमध्ये अँजियर मार्च पर्किन्सने जाड लोखंडी नळ्यांतून जबर दाबाखालचं पाणी खेळवून इमारती तापवल्या. ज्याला आज रेडिएटर म्हणतात तो ओतीव लोखंडाचा, भिंतीशी उभा राहणारा प्रकार १८५५ ते १८५७ च्या दरम्यान सेंट पीटर्सबर्गला फ्रान्झ सान गाली या कारखानदाराने बनवला. रशियातल्या हिवाळ्यात अशी वस्तू सुचली नसती तरच नवल.

आपल्याकडे खोली तापवायची गरजच नव्हती. आपल्याला आंघोळीपुरतं पाणी हवं, आणि त्यासाठी बंब होता. तांब्याचा बंब नीट बघितला तर तो मोठ्या अकलेचा आहे. मधोमध धुराची नळी, तिच्या बुडाशी जाळीवर तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्यांचा विस्तव, आणि नळीभोवती पाणी. म्हणजे आग पाण्याच्या पोटात. चुलीवरच्या हंड्यासारखी ऊब चहूबाजूंनी वाया जात नाही. वरच्या चाडीतून ओतलेलं गार पाणी आतल्या नळीने थेट तळाशी जातं आणि वर साचलेलं गरम पाणी तोटीतून बाहेर ढकलतं. एक तांब्या गार घालायचा, एक तांब्या गरम घ्यायचं. गरम पाणी वरच राहणार, गारात मिसळणार नाही, हा भरवसा त्याच पंधरा ग्रॅमवर टाकलेला.

सोलर हा या बंबाचा दूरचा भाऊ. सुरुवातीच्या सौर हीटरांत काळी टाकीच उन्हात ठेवत. संध्याकाळी पाणी कढत आणि सकाळी गार, म्हणजे ऐन आंघोळीच्या वेळी उपयोग शून्य. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम बेलीने तापवायच्या नळ्या आणि साठवायची टाकी वेगळी केली, टाकी नळ्यांच्या वर ठेवली आणि तिला जाड आवरण घातलं. दिवसा तापलेलं पाणी रात्रभर गरम राहू लागलं, म्हणून त्याने यंत्राचं नावच 'डे अँड नाइट' ठेवलं. आज सोलापूर-धाराशिवच्या गच्च्यांवर दिसणारी रचना मुळात हीच आहे.

आधी लेस्टरचं दुखणं काढू, कारण ते सोपं होतं.

रेडिएटरची नाडी हाताने बघतात. बॉयलर चालू असताना डब्यावर वरपासून खालपर्यंत तळवा फिरवायचा. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा साठली आहे. हवा वर जमते, पाणी तिच्याखालून निघून जातं. उलट वरचा भाग गरम आणि खाली मधोमध गार पट्टा असेल तर तळाशी गाळ बसला आहे. बाकी सगळे डबे तापतात आणि एकच मख्ख गार, असं असेल तर त्याच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हची पिन आत रुतून बसलेली असते. वरची टोपी काढून पिन हलकेच दाबून सोडली की बऱ्याचदा काम होतं. बॉयलरजवळचे डबे चटके देतात आणि लांबचे कोमट राहतात, तेव्हा जवळच्यांचे परतीचे व्हॉल्व्ह थोडे आवळून पाणी पुढे धाडावं लागतं. आपल्याकडे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचावं म्हणून वरची दारं कमी करतात, तसंच.

मामेबहिणीच्या हाताला वरची बाजू गार लागली. मामा फोनवर म्हणाले, "म्हणजे हवा धरली म्हण की." विहिरीवरची मोटार हवा धरते, शेतातल्या पाइपलाइनच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह ठेवावा लागतो, त्यांना यात नवीन काही नव्हतं. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसं चौकोनी टोक असतं. बॉयलर बंद करून पाणी निवू द्यायचं, खाली फडकं धरायचं, पितळी किल्लीने ते टोक पाव ते अर्धा फेरा सैल करायचं. सुरुवातीला सूऽऽ असा आवाज येतो. आवाज संपून पाणी ठिबकू लागलं की लगेच आवळायचं. त्यानंतर बॉयलरवरचा दाबाचा काटा बघायचा. यंत्रणा गार असताना तो साधारण एक ते दीड बारवर हवा, खाली गेला असेल तर नळाचं पाणी आत घेऊन दाब भरून काढायचा. दहा मिनिटांचं काम. फडक्यावर मात्र शाईसारखं काळं पाणी पडलं आणि ती घाबरली.

ते काळं पाणी आणि तो सूऽऽ आवाज, दोन्ही एकाच घराण्यातले. बंद नळ्यांतल्या पाण्यात सुरुवातीला विरघळलेला ऑक्सिजन असतो. तो लोखंडाला गंज चढवण्यात लवकरच संपतो. त्यानंतरही लोखंड आणि पाणी यांच्यात संथपणे देवघेव चालूच राहते: लोखंडाचं मॅग्नेटाइट होतं, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारी काळी भुकटी, आणि पाण्यातला हायड्रोजन सुटा होतो. त्यामुळे रेडिएटरमधून काढलेली 'हवा' पुष्कळदा हवा नसते, हायड्रोजन असतो. म्हणून किल्ली फिरवताना जवळ काडी ओढायची नाही. वारंवार हवा धरणाऱ्या रेडिएटरची फक्त हवा काढत बसणं शहाणपणाचं नाही. आत लोखंड खाल्लं जातंय, याची ती सूचना आहे. मग सगळी यंत्रणा धुऊन काढतात, गंजरोधक औषध घालतात आणि परतीच्या नळीवर चुंबक बसवतात, म्हणजे काळी भुकटी तिथेच गोळा होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रेडिएटरमधलं पाणी वर्षानुवर्षं तेच असतं. त्यात जो काही चुना होता तो पहिल्या काही दिवसांत खाली बसला, संपला. सोनारीच्या सोलरमधलं पाणी रोज नवं. आंघोळीला शंभर लिटर काढलं की शंभर लिटर आत आलं, आणि येताना आपला चुना घेऊन आलं. म्हणून तिकडच्या यंत्राला गंज पोखरतो आणि आपल्याकडचं दगडाने भरतं.

मामांच्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फिटर आला. सकाळी सातची वेळ त्यानेच ठरवली होती, आणि त्याला कारण होतं. हल्ली जिकडेतिकडे दिसणाऱ्या सोलरला काचेच्या नळ्या असतात: दुहेरी काच, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या काचेला ऊन शोषणारा गडद थर. थर्मास उन्हात आडवा टाकावा तशी रचना. बाहेरची काच हाताला गारच लागते, कारण निर्वातातून उष्णता परत बाहेर येत नाही. पण नळीत पाणी नसेल आणि वरून ऊन असेल तर आतली काच दोनशे अंशांच्या वर जाते. अशा नळीत भर दुपारी गार पाणी सोडलं की टणकन आवाज येतो आणि नळी गेली. मराठवाड्यात हे नेहमी घडतं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. वरची गार पाण्याची टाकी कोरडी पडते, पाठोपाठ सोलर रिकामा होतो. मग कधीतरी दुपारी पाणी येतं आणि घरातलं माणूस आनंदाने मोटार चालू करतं. कोरडा पडलेला सोलर भरायचा तो सकाळी ऊन चढायच्या आधी किंवा सूर्य मावळल्यानंतर. कोरडा पडला की दुसरंही होतं: नळ्यांच्या वळणांत हवा शिरते आणि पाणी भरल्यावरही तिथेच ठाण मांडते. इंग्लंडातल्या नळ्यांत हायड्रोजन गंजातून येतो. आमच्या नळ्यांत हवा टंचाईतून येते.

फिटर गच्चीवर चढायच्या आधी न्हाणीघरात गेला. हे मला नवीन होतं. गार आणि गरम एकत्र करणाऱ्या मिक्सर नळाच्या दोन्ही चकत्या उघड्या ठेवून पुढची तोटी किंवा शॉवर बंद केला, तर जास्त दाबाचं गार पाणी गरम पाण्याच्या नळीत घुसतं आणि उलटं चालत टाकीपर्यंत जातं. घरातले सोलरला शिव्या घालतात आणि चोर खाली न्हाणीघरात असतो. मामांकडे तसं नव्हतं. "मग वरच," म्हणून तो जिना चढला. सोनारीत सोलरवर जाळी टाकलेली दिसते, ती माकडांसाठी. काळभैरवनाथाच्या गावात माकडांना कुणी हुसकत नाही आणि काच फुटली तर भरपाई मागायची सोय नाही.

गच्चीवर त्याने पहिल्यांदा नळ्यांची खालची टोकं बघितली. प्रत्येक नळीच्या बुडाशी आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियम धातूचा. कारखान्यात हवा काढून नळी बंद करताना मुद्दाम उडवलेला हा थर आत राहिलेला, झिरपणारा वायू टिपून घेतो आणि निर्वात टिकवतो. नळीला बारीक तडा जाऊन हवा शिरली की बेरियम तिच्याशी संयोग पावतो आणि चंदेरी डाग दुधासारखा पांढरा होतो. कुठलंही यंत्र न लावता, नुसत्या नजरेने आजारी नळी ओळखता येते! दहांतली एक पांढरी निघाली. तिची काच बाहेरून शाबूत होती, पाणीही गळत नव्हतं, पण ती दिवसभर मिळवलेली उष्णता तशीच बाहेर टाकत होती. एका नळीने एवढं पाणी गार पडत नाही, म्हणून तो पुढे सरकला.

टाकीच्या माथ्यावर एक उभी नळी असते, वरचं तोंड मोकळं. तिला एअर व्हेंट म्हणतात. पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा सुटते. गार पाणी जास्त हवा धरून ठेवतं, गरम कमी. भांड्यात पाणी तापवताना उकळण्याच्या बरंच आधी कडेला बारीक बुडबुडे चिकटतात, ती हीच हवा. सोलरमध्ये ती रोज सुटते आणि या नळीतून बाहेर पडते. मामांच्या टाकीच्या या नळीचं तोंड कुंभारमाशीने लिंपून टाकलं होतं. सुबक, वाटाण्याएवढ्या गोळ्या रचून केलेलं मातीचं घर. हवेला जायला वाट नव्हती; ती टाकीच्या वरच्या भागात साचून राहिली होती आणि नेमकं सर्वांत गरम पाणी जिथून बाहेर निघतं ते तोंड अर्धंअधिक हवेत होतं. म्हणून धार करंगळीएवढी, मधूनच गुरगुर. फिटरने तारेने माती टोकरली. आतून भसकन हवा आली आणि टाकीत पाणी चढल्याचा आवाज झाला. ही नळी बंद राहण्यात आणखी एक धोका असतो. टाकीतलं पाणी झपाट्याने उतरलं आणि मागून हवा आत यायला वाट नसेल, तर आतली पातळ स्टीलची टाकी दाबलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी चेमटते. बाहेरच्या आवरणामुळे ते दिसतही नाही.

मग त्याने रबरी कड्याला साबणाचं पाणी लावून एक नळी हळूहळू पिळत बाहेर काढली. नळी उलटी केल्यावर आधी पाणी आलं, नंतर पांढरा चिखल, आणि शेवटी खळखळ करत पापुद्र्यांसारखे दगड. जवळजवळ हातभर नळी गाळाने भरलेली होती.

हा दगड येतो कुठून? आपल्या पायाखालून. दख्खनचा काळा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि त्याच्या स्फटिकांत कॅल्शियम आहे. पावसाचं पाणी मातीत मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि खडकातलं कॅल्शियम विरघळवून बोअरपर्यंत घेऊन येतं. शेतात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे याच व्यवहारातले. असेच खडे भाजून, घाण्यात दळून चुना केला जायचा, आणि दख्खनचे किल्ले-वाडे चुन्यात बांधले गेले. परंड्याच्या भुईकोटाचे दगड आजही चुन्याने सांधलेले दिसतात. पाण्यात हा चुना बायकार्बोनेटच्या रूपात निमूट विरघळलेला असतो. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं बरोबर उलटं आहे. म्हणजे पाणी जिथे सर्वांत जास्त तापतं, नेमकं तिथेच दगड तयार होतो.

हिशेब करून बघितला तर मामांना धक्का बसला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. मधला ४०० चा आकडा धरला तर शंभर लिटरला ४० ग्रॅम. वर्षाला चौदा किलोंच्या वर. सगळा काही आत बसत नाही, बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो. पण दहावा हिस्सा जरी राहिला तरी दीड किलो दगड दर वर्षी. "अन् आपण सात वर्षांत एकदाबी उघडलं नाही," मामा म्हणाले.

तांब्याच्या नळ्यांच्या जुन्या सपाट सोलरला हा थर दुहेरी मारतो. तांबं उष्णता वाहून नेण्यात चुनखडीच्या सुमारे दोनशे पट तरबेज. नळीच्या आत पोस्टकार्डाएवढा पातळ थर बसला तरी उष्णतेच्या वाटेत भिंत उभी राहते, आणि मुळातच बोटाएवढी असलेली नळी अरुंद होत जाते. काचेच्या नळीत गंमत वेगळी. काच स्वतःच उष्णतेची मंद वाहक, त्यामुळे थराने उष्णता फारशी अडत नाही; गाळाने भरलेल्या भागात पाणीच उरत नाही आणि जोर संपतो. चढणाऱ्या गरम पाण्याला वरची बाजू आणि उतरणाऱ्या गार पाण्याला खालची, अशी एकाच नळीत दोन वाटांची सोय असते. खालची वाट बुजली की चक्र अडखळतं. पंधरा मिलिमीटरच्या जोराने दगड ढकलला जात नाही.

साफसफाईसाठी फिटरने सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्वाचं पाणी वापरलं. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, असं त्याने दोनदा बजावलं, आणि ते खरं आहे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड; चुना तर झटक्यात खातं, पण त्यातलं क्लोराइड स्टीलच्या टाकीला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. सहा महिन्यांनी टाकी गळायला लागते तेव्हा ॲसिडची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

सोनारीतच या दोन्ही दुखण्यांवर रोज औषध करणारी एक जागा आहे, आणि ती म्हणजे साखर कारखाना. भैरवनाथ शुगर वर्क्सचा कारखाना याच गावात. उसाचा रस म्हणजे बहुतांश पाणी; ते उडवून घट्ट पाक करणं हे साखरेच्या कामातलं सर्वांत मोठं तापवणं. कोणत्याही कारखान्यात त्यासाठी उंच बंद भांडी ओळीने उभी असतात. कामगार त्यांना 'बॉडी' म्हणतात. पहिल्या बॉडीत वाफेने रस उकळतो. त्या रसाची वाफ दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला. पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी ठेवतात, म्हणून शेवटचीत रस साठेक अंशांनाच उकळतो. चार बॉड्या असतील तर एक किलो वाफेत चार किलोंच्या आसपास पाणी उडतं. ही युक्ती नॉर्बर्ट रिलिअक्सची. न्यू ऑर्लिन्सला १८०६ साली जन्मलेला, गोरा बाप आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय आई यांचा हा मुलगा पॅरिसला शिकला आणि १८४३ मध्ये त्याने या पद्धतीचं पेटंट मिळवलं. त्याआधी गुलाम मजूर उघड्या कढयांतून उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत टाकत असत.

अशा बॉडीची तक्रारही तीच: तापत नाही. वाफ भरपूर, बॉयलर जोरात, आणि रस मात्र उकळत नाही. वाफेबरोबर थोडी हवा आणि रसातून सुटलेले वायू येतात. वाफ नळ्यांवर थिजून पाणी होते. हे वायू थिजत नाहीत, नळ्यांभोवती घोंगडीसारखे लपेटून बसतात. डोनाल्ड ओथमर या अमेरिकन रसायन अभियंत्याने १९२९ मध्ये मोजून दाखवलं की वाफेत अर्धा टक्का हवा मिसळली तरी उष्णता देण्याची तिची क्षमता निम्म्याच्या आसपास येते. अर्धा टक्का! म्हणून प्रत्येक बॉडीला 'नॉक्शस गॅस'ची वेगळी लाइन असते आणि तिचा व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतात. लेस्टरच्या पितळी किल्लीचं, कुंभारमाशीने बुजवलेल्या नळीचं काम इथे गळीत हंगामभर, रात्रंदिवस चालतं. नळ्यांच्या आत मात्र उसाचे क्षार बसत जातात. मग बॉडी रिकामी करून कॉस्टिक सोडा उकळायचा, पाण्याने धुवायचं आणि नळ्यांत ब्रश मारायचे. शेकडो नळ्या, एकेक करून.

साफ केलेल्या नळ्या, एक नवी नळी आणि मोकळा झालेला व्हेंट. नऊ वाजायच्या आत सगळं जागेवर बसलं. फिटरने सोलर भरून दिला आणि दुपारी एकला टाकीत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी हात लावून बघा, असं सांगून तो गेला. शंभर लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला साडेचार युनिटांच्या वर ऊर्जा लागते. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी मराठवाड्याच्या गच्चीवर चौरस मीटरला पाचेक युनिट ऊन पडतं. नळ्यांनी त्यातलं पुरेसं पकडलं की हिशेब जुळतो.

मामा एकपर्यंत थांबले नाहीत. साडेअकरालाच वर गेले. मी गेलो तेव्हा ते कठड्यावर बसले होते, आणि नळीतून निघालेला दगडाचा एक पापुद्रा त्यांनी फरशीवर ठेवला होता. खिशातून अर्धं लिंबू काढून त्यांनी त्यावर पिळलं. दगड फसफसला. बारीक पांढरे बुडबुडे उठले, कडेपर्यंत आले आणि फुटले. दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सोनारीच्या हवेत परत गेला. त्यांनी आणखी एक थेंब टाकला. मग फोन काढला आणि लेस्टरला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळचे सहा वाजले होते. "ऊठ गं," ते म्हणाले, "हे बघ काय निघालंय."